भुकेवरचे औषध

१९७२ च्या दुष्काळात ज्या जिल्ह्याने खडी फोडून आणि सुकडी खाऊन दिवस काढले, त्याच जिल्ह्यात आज भूक मारणाऱ्या इंजेक्शनची चौकशी होऊ लागली आहे. मध्ये अंतर आहे ते जेमतेम दोन पिढ्यांचे. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांतील सत्तरी ओलांडलेल्या माणसांना परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीची चव अजून आठवते. त्यांच्या नातवंडांपुढे आज प्रश्न आहे तो पोट कसे उतरवावे हा. या विरोधाभासावर चार चुरचुरीत वाक्ये लिहून मोकळे होता येईल. पण त्यात हसण्यासारखे काही नाही. आजोबांची भूक आणि नातवाचे पोट यांचा एकमेकांशी अगदी निकटचा, शरीरशास्त्राने दाखवून दिलेला संबंध आहे. तो ध्यानात घेतल्यावाचून या नव्या औषधाविषयी बोलणे व्यर्थ ठरेल.

आधी औषधाविषयी. मार्च २०२५ मध्ये एली लिली या अमेरिकन कंपनीने तिर्झेपाटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने भारतात आणले. त्याच वर्षी जूनमध्ये नोव्हो नॉर्डिस्क या डॅनिश कंपनीने सेमाग्लुटाइड हे औषध ‘वेगोव्ही’ या नावाने आणले. आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचून घ्यायचे, असा त्याचा विधी. मौंजारोच्या सर्वांत लहान मात्रेची एक कुपी साडेतीन हजार रुपयांची होती, म्हणजे महिन्याला चौदा हजार. वेगोव्हीचा महिन्याचा खर्च प्रारंभी सतरा हजारांच्या पुढे होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने दर ३७ टक्क्यांपर्यंत उतरवले, तेव्हा लहान मात्रेचा खर्च अकरा हजारांच्या आत आला. मध्यमवर्गीय घराला हाही आकडा झेपणारा नाही. परंतु सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, आणि त्या तारखेकडे डोळे लावून अनेक भारतीय औषध कंपन्यांनी आधीपासून तयारी केली. भारतीय कंपन्या एखाद्या औषधात उतरल्या की त्याचा दर कुठवर खाली येतो, हे जगाने २००१ साली पाहिले आहे. सिप्लाने तेव्हा एचआयव्हीवरील तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केला होता. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र जे औषध स्वस्त होते, ते सावेडीच्या चकचकीत दवाखान्यापुरते राहत नाही. ते शेवगाव, श्रीगोंदा, अकोल्याच्या बाजारपेठेतील औषधाच्या दुकानातही पोहोचते, आणि तेथे त्याची गाठ पडते ती चिठ्ठीवाचून औषध देण्या-घेण्याच्या जुन्या सवयीशी.

या औषधाचे मूळ मोठे विलक्षण आहे. जेवण झाल्यावर आपले आतडे ‘जीएलपी-१’ नावाचा एक अंतःस्राव सोडते. तो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याची सूचना देतो, जठर रिकामे होण्याची गती मंदावतो आणि मेंदूला ‘पुरे झाले’ असे कळवतो. निसर्गाने त्याला आयुष्य दिले ते अवघे दोन-तीन मिनिटांचे. गिला मॉन्स्टर नावाच्या, अमेरिकेच्या वाळवंटात राहणाऱ्या एका विषारी सरड्याच्या लाळेत याच अंतःस्रावासारखा, पण अधिक काळ टिकणारा पदार्थ जॉन एंग या न्यूयॉर्कच्या संशोधकाला १९९० च्या दशकात सापडला. त्यावरून बनलेले मधुमेहाचे पहिले औषध २००५ साली अमेरिकेत मंजूर झाले. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी मानवी अंतःस्रावाच्या रेणूतच असे फेरफार केले, की दोन मिनिटांचे काम आठवडाभर चालावे. सेमाग्लुटाइड ते हे. मधुमेह्यांचे वजन उतरते, असे आढळल्यावर ते स्थूलतेसाठी तपासले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटल्याचे दिसले. तिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत जवळजवळ २१ टक्के. २०२३ साली आणखी एका चाचणीचा निष्कर्ष आला. मधुमेह नसलेल्या, पण हृदयविकार व जास्त वजन असलेल्या १७ हजारांहून अधिक रुग्णांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी होते.

हे आकडे सविस्तर देण्याचे कारण आहे. संस्कारी घरांत या विषयावर एक ठरावीक प्रतिक्रिया उमटते: हे सारे पाश्चात्त्य चंगळवादाचे चोचले, सूर्यनमस्कार घाला, जिभेला आवर घाला, औषध कशाला हवे? ही प्रतिक्रिया अर्धी खरी आहे आणि म्हणूनच घातक आहे. शंभर किलो वजन, झिजलेले गुडघे, मधुमेह आणि झोपेत कोंडणारा श्वास घेऊन जगणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने सूर्यनमस्कार घालून पाहिलेलेच नसतात, असे समजण्याचे कारण नाही. वजन उतरू लागले की शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च आखडते. दुष्काळातून वाचलेल्या पूर्वजांकडून आलेला हा गुण आहे. त्याला मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला कोणी ‘आधी राग आवर’ म्हणून हिणवत नाही. मग स्थूलतेवर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेणाऱ्यालाच लाज का वाटावी?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही विचार आला आहे. त्या दोहोंत स्थूल माणसाची चिकित्सा अधिक अवघड, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. पचायला जड, पण पोषण कमी करणारे अन्न स्थूलाला द्यावे, असे सूत्र सांगून जव, मूग, कुळीथ, जोंधळा यांसारखी धान्ये आचार्यांनी नोंदवली आहेत. पोट भरल्याची जाणीव राहावी आणि अंगी मात्र लागू नये, हा त्यातील विचार आजच्या औषधाच्या कामाशी जुळणारा वाटतो खरा. म्हणून चरकाचार्यांना हे इंजेक्शन ठाऊक होते, असा दावा व्यासपीठावरून करण्याची कोणी घाई करू नये. त्यांनी जे लिहिले ते आपल्या जागी पुरेसे मोलाचे आहे.

आता दुसरी बाजू. वजन कमी करणाऱ्या गोळ्यांचा इतिहास उजळ नाही. अमेरिकेत लाखोंनी घेतलेले फेनफ्ल्युरामिन १९९७ साली हृदयाच्या झडपा बिघडू लागल्याने बाजारातून काढावे लागले. रिमोनाबँटने नैराश्य आणि आत्महत्येचे विचार बळावतात असे दिसल्यावर युरोपने २००८ साली ते थांबवले आणि भारताने २००९ साली त्यावर बंदी घातली. सिब्युट्रामिन तर आपल्याकडे चांगलेच खपत होते. हृदयविकार व पक्षाघाताचा धोका सिद्ध झाल्यावर २०११ साली तेही बंद झाले. बंद झाले म्हणजे संपले, असे नाही. ‘संपूर्ण वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्ण-कॅप्सूलांमध्ये हेच सिब्युट्रामिन छुपेपणाने मिसळलेले अनेक देशांच्या औषध प्रशासनांना वारंवार सापडले आहे. आयुर्वेदाचे नाव पुढे करून विष विकणारा हा धंदा आयुर्वेदाचा खरा वैरी आहे. ‘महिन्यात दहा किलो’ अशा जाहिरातींना तर १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्यानेच मज्जाव केला आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात स्थूलतेचा नामनिर्देश आहे. तरी या जाहिराती भिंतींवर, एस.टी. स्थानकांवर आणि रविवारच्या पुरवण्यांत बिनदिक्कत झळकत आल्या.

नवी औषधे त्या जुन्या गोळ्यांहून निश्चितच सरस आणि अधिक कसोशीने तपासलेली आहेत. त्यांचे नेहमीचे त्रास म्हणजे मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ. क्वचित स्वादुपिंडाचा दाह, पित्ताशयात खडे. थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगाचा घरात इतिहास असेल तर ही औषधे वर्ज्य. पण खरी गोष्ट पुढेच आहे. औषध थांबवल्यावर वर्षभरात, गेलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचे त्याच चाचणीच्या पुढील पाहणीत दिसले. आणि जे वजन जाते, ते सगळे चरबीचे नसते. चाचण्यांनुसार घटलेल्या वजनाचा पाव ते चाळीस टक्के वाटा चरबीखेरीज अन्य भागाचा असतो. त्यात स्नायू येतात. गोऱ्या, धिप्पाड, मांसल देहाच्या माणसाला हे एक वेळ परवडेल. नगरच्या माणसाला परवडेल का?

येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाकडे वळावे लागते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले गेले. दोघांचा शरीरभार निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडसडीत. पण युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून किडकिडीत, आतून स्थूल, अशी ही भारतीय प्रकृती. तिचे मूळ शोधण्यासाठी याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा कोरडवाहू गावांतील गरोदर मातांचा अभ्यास आरंभला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथहॅम्पटनची साडेतीन किलोची. भारतीय बाळांचे स्नायू, पोटातील अवयव, सारे लहान. कातडीखालची चरबी मात्र जवळपास राखलेली. पिढ्यान्‌पिढ्या अपुऱ्या अन्नावर वाढलेल्या आईच्या उदरातच बाळ काटकसर शिकते, स्नायूंवर खर्च कमी करते आणि चरबीची शिल्लक जपते. दुष्काळात ही शिल्लक जीव वाचवते. भरल्या घरात तीच मधुमेहाला आमंत्रण देते. ही गावे नगर जिल्ह्यातील नसली, तरी घोड नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे रान, पीक व पोट यांत फारसा फरक नाही. सुकडीवर जगलेल्या आजोबांचा आणि पोट सुटलेल्या नातवाचा संबंध तो हाच.

म्हणजे ज्याच्यापाशी मुळात स्नायूंची पुंजी तुटपुंजी, त्यानेच भूक मारून उरलेली पुंजी घालवायची आणि औषध सुटल्यावर चरबी परत मिळवायची! वजनकाटा मधल्या काळात आनंदाची बातमी देत राहील. हिशेब मात्र तोट्याचा असेल. म्हणूनच हे औषध जेथे आवश्यक, तेथेही त्याच्या जोडीला पुरेशी प्रथिने आणि ओझे उचलण्याचा, जोर-बैठकांचा व्यायाम हवाच हवा. तो नसेल तर औषध निम्मेच दिले गेले, असे समजावे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाखालीच तसे लिहून द्यायला काय हरकत आहे?

औषध कोणाला, याचे उत्तर अंधारात नाही. भारतात दिलेल्या मंजुरीनुसार शरीरभार निर्देशांक ३० किंवा अधिक असलेल्यांना, आणि मधुमेह, रक्तदाब यांसारखा वजनाशी निगडित विकार असेल तर २७ पासून. उंचीच्या (मीटरमधील) वर्गाने वजनाला भागले की हा आकडा निघतो. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाला ३० म्हणजे जवळपास ८२ किलो, २७ म्हणजे साडेत्र्याहत्तर. आता लग्नाच्या बाजारात उभी असलेली, सव्वापाच फुटांच्या आतबाहेरची, साठ किलोची मुलगी घ्या. तिचा निर्देशांक २३-२४ भरतो. भारतीयांसाठीच्या कडक मोजपट्टीने फार तर ‘किंचित जास्त’. तिला हे औषध लागू नाही. तरी ‘स्थळ चांगले आहे, पण मुलगी जरा अंगाने आहे’ हे वाक्य कानी पडते, आणि तिच्या आईच्या डोक्यात इंजेक्शनाचा विचार शिरतो. साखरपुडा ते लग्न एवढ्या तीन-चार महिन्यांत बारीक व्हायचे. मुलगी कमी जेवते, वजन उतरते, शालू चापूनचोपून बसतो, छायाचित्रे सुरेख येतात.

पुढचे मात्र कोणी बोलत नाही. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावे, असे त्याच्या माहितीपत्रकातच नमूद आहे. तिर्झेपाटाइड घेत असताना तोंडावाटे घेण्याच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा हलावा अशी अपेक्षा आपल्या घरांत अजून असतेच. म्हणजे नववधू ज्या वेळी स्नायू आणि पोषण गमावून बसलेली असेल, नेमक्या त्याच वेळी तिच्या उदरी बाळ येणार. याज्ञिकांच्या त्या सहा गावांत, गरोदरपणी दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे अधिक मोठी निपजली होती. दुष्काळाने जे आज्यांच्या उदरी केले, ते आपण नातसुनांच्या उदरी पैसे मोजून, हौसेने करणार आहोत. ही गोष्ट मुलीच्या रूपावर शेरा मारणाऱ्या मुलाकडच्या मंडळींनी, आणि त्यात दुर्दैवाने आपल्याच परिचयाची सुसंस्कृत घरे असतात, एकदा नीट ऐकावी.

जिल्ह्याची प्रकृतीही पालटली आहे. भंडारदऱ्याच्या पाण्यावर प्रवरेच्या खोऱ्यात ऊस आला. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यातून शाळा, रुग्णालये, सुबत्ता आली. तो ऊस तोडायला दक्षिणेच्या पाथर्डी, जामखेडची माणसे जात राहिली. मोटार उत्तरेच्या बागायतदाराला आणि दुचाकी दक्षिणेच्या कोरडवाहू शेतकऱ्याला चालण्यापासून सोडवून गेली. चहात तीन चमचे साखर दोन्हीकडे सारखीच. बाजरीच्या भाकरीची जागा रेशनच्या गहू-तांदळाने घेतली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे पस्तीस कोटी पोट सुटलेले लोक असल्याचा अंदाज दिला. तेव्हा हा केवळ शहरी श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही.

संघटनेच्या कार्यकर्त्यालाही यातून वगळता येणार नाही. पंचविशीत मैदान गाजवणारा तरुण पन्नाशीत बैठका गाजवू लागतो. दिवसाकाठी दहा घरी चहा, रात्री अकराला कोणाकडे तरी साग्रसंगीत जेवण, पहाटेचा प्रवास. प्रवासाच्या पिशवीत गणवेशाशेजारी मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी. ज्याने शरीरसाधनेवर बौद्धिके दिली, त्याला स्वतःच्या कमरेचा घेर सांगता येत नाही. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर ही मर्यादा ध्यानात ठेवायला सोपी आहे. खेडोपाडी आशा कार्यकर्ती तिशी ओलांडलेल्यांच्या नोंदी करताना हाच घेर टेपने मोजते. शहरातल्या सुशिक्षित घरांत तो कोणी मोजत नाही. यज्ञोपवीत, मंगळागौर, वर्षप्रतिपदा अशा निमित्ताने कुटुंबे जमतात, तेथे ही पन्नास पैशांची कागदी टेप फिरवायला काय जाते?

वाचकांत डॉक्टर आहेत, औषध विक्रेतेही पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून अपेक्षा अधिक आहे. हे औषध कायद्याने चिठ्ठीवाचून विकता येत नाही. गिऱ्हाईक ओळखीचे आहे, कार्यकर्ता आहे, शेजारी आहे, म्हणून हा नियम सैल करू नये. कुपी थंड ठेवावी लागते, तेव्हा दिवसाचे आठ तास वीज जाणाऱ्या गावात ती कशी साठवली, हे गिऱ्हाइकाने विचारावे आणि दुकानदाराने सांगावे. सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानात किंवा व्यायामशाळेत कोणी हे इंजेक्शन देऊ करील, तर तेथून उठून यावे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. दुसरीकडे, ज्याला खरोखर गरज आहे अशा रुग्णाला केवळ ‘व्यायाम करा’ म्हणून परत पाठवणारा डॉक्टरही आपले काम पुरे करत नाही.

आणि ताटाकडे पाहावे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बीजबँक उभी केली, म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे कौतुक करणाऱ्या किती घरांत आठवड्यातून एकदा तरी हुलग्याचे शेंगोळे होतात? शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात. बैलांचे खाद्य म्हणून आपण त्याला कमी लेखले. जोंधळा वा बाजरी, जोडीला डाळ, उसळ, ताक, मूठभर शेंगदाणे. ज्या घरी चालतात तेथे अंडी. औषध घेणाऱ्याला तर हे अधिकच लागू, कारण त्याची भूक निम्म्यावर आलेली असते आणि खाल्लेला प्रत्येक घास मोजका असतो. त्याच्या ताटात भात आणि जिलेबी आधी वाढली, तर प्रथिनांना जागाच उरत नाही.

आपल्या पंगतीत आग्रह हा शिष्टाचार आहे. ‘एवढेच? प्रकृती बरी नाही का?’ असे म्हणत वाढप्याने दोन जिलब्या ताटात टाकायच्या आणि पाहुण्याने मान राखून त्या संपवायच्या, ही रीत. जठर मंदावलेल्या माणसाने असा मान राखला तर तासाभरात त्याला उलटी होते. संकोचाने तो कारण सांगत नाही आणि पुढच्या वेळी जेवायला येणेच टाळतो. यापुढे नगरच्या प्रत्येक लग्नात असे दोन-चार पाहुणे असतील. त्यांनी ताटावर हात आडवा धरला की वाढप्याने पुढच्या पानाकडे जावे.